कंपनीची तत्त्वं आणि आपला प्रकल्प: एंटरप्राइझ आर्किटेक्चरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे रोज लोकलने कामाला जाणाऱ्यांपैकी मी एक. "आर्किटेक्चरवाल्यांनी तत्त्वांची फाईल पाठवली आहे, आमच्या प्रकल्पात तिचं करायचं काय?" हा प्रश्न मला पहिल्यांदा त्याच गाडीत एका तरुण प्रोजेक्ट मॅनेजरने विचारला. नंतर तो बिझनेस अ‍ॅनालिस्टनी, टेस्टरनी, एका सहकारी पतसंस्थेच्या संचालकांनीही विचारला. त्या सगळ्यांना वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बरीचशी उदाहरणं न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेट सिस्टीमची आहेत. त्या प्रकल्पाचा लीड मी होतो आणि तिथल्या चुका माझ्या टीमच्या होत्या, म्हणून त्या मोकळेपणाने सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही.

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे नेमकं काय? माझ्या एका प्रकल्पाला ते कशाला हवं?

नवी मुंबईत राहणाऱ्याला हे समजावणं सोपं जातं. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, तेव्हा आजच्या नोडच्या (वाशीसारख्या उपनगरांच्या) जागी गावं, भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. इमारती नंतर आल्या. आधी नोड आणि सेक्टर कुठे, रेल्वे कुठून आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, हे ठरलं. वाशीसारख्या भागात भराव घातलेली जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे होल्डिंग पॉण्ड बांधले गेले. भरतीच्या वेळी पाणी तिथे थोपवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. आता समजा, एका प्लॉटवर काम करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी नाला अरुंद केला. त्याच्या इमारतीला काहीच होणार नाही, इमारत वेळेत उभीही राहील. पाणी भरेल ते शेजारच्या सेक्टरात.

प्रकल्प म्हणजे हा प्लॉट. कंपनीचे सगळे व्यवहार, माहिती, सॉफ्टवेअर आणि यंत्रणा यांचा एकत्र आराखडा म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली आयबीएमच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखापासून या विषयाची सुरुवात मानतात. १९९२ साली जॉन सोवा यांच्यासोबत त्यांनी तो आराखडा काय, कसं, कुठे, कोण, केव्हा आणि का या सहा प्रश्नांपर्यंत वाढवला. आपले प्रकल्प बहुतेक वेळा "कसं" आणि "केव्हा" यांतच अडकतात. हीच माहिती आणखी कुठे आहे आणि ती कोण सांभाळतं, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. शेजारच्या सेक्टरात पाणी भरतं ते त्यामुळे.

तत्त्व आणि मानक हे एकच ना?

नाही. "डेटाबेस अमुकच वापरायचा" हे मानक झालं. ते चार-पाच वर्षांत बदलू शकतं. "तंत्रज्ञानाची विविधता आटोक्यात ठेवायची" हे तत्त्व. मानक बदललं तरी ते टिकतं, आणि मानक का आहे हेही त्यातूनच कळतं. मानकच नसलेल्या जागी निर्णय घ्यायची वेळ आली, की हाताशी तत्त्वच असतं.

आमच्या कंपनीची तत्त्वं वाचली. सगळीच पटली. मग पुढे काय?

सगळी पटतात, हीच अडचण आहे. "माहिती ही कंपनीची मालमत्ता आहे" याला कोण नाही म्हणेल? ज्याला कोणीच विरोध करत नाही असं वाक्य प्रकल्पात कोणताही निर्णय बदलत नाही.

म्हणून तत्त्व कसं लिहिलेलं असतं ते नीट पाहा. टोगॅफ ही ओपन ग्रुप या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, एंटरप्राइझ आर्किटेक्चर करण्याची पद्धत १९९५ पासून वापरात आहे. तिच्यात प्रत्येक तत्त्वाचे चार भाग असतात: नाव, विधान, कारण आणि परिणाम. लोक पहिले दोन वाचतात, तिसऱ्यावर नजर फिरवतात आणि चौथा सोडून देतात. प्रकल्पाच्या कामाचा भाग मात्र चौथाच असतो. हे तत्त्व पाळायचं तर कोणाला जादा काम पडेल, काय विकत घ्यावं लागेल, कोणती सोय सोडावी लागेल, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. अनेक कंपन्यांत तो रकाना दोन गुळगुळीत ओळींवर भागवलेला असतो. तसं असेल तर तुमच्या प्रकल्पापुरता तो तुम्ही लिहा. माझ्या अनुभवात प्रकल्पातल्या माणसाने करायचं सर्वात मोलाचं काम हेच. त्याला एक दुपार लागते.

लिहिताना एकच कसोटी लावा: या ओळीमुळे आपल्याला काही सोडावं लागतंय का? पैसा, वेळ, आवडतं टूल, एखाद्या विभागाची मक्तेदारी, काहीही. काहीच सोडावं लागत नसेल तर ते तत्त्व अजून प्रकल्पात उतरलेलं नाही.

यादीत २१ तत्त्वं आहेत. सगळी लावायची?

टोगॅफमधल्या नमुना यादीत व्यवसाय, माहिती, अ‍ॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान अशा चार गटांत मिळून २१ तत्त्वं आहेत. अनेक कंपन्या तीच थोडी फिरवून घेतात. एका प्रकल्पाला त्यांतली चार ते सहा पुरतात. टीमसोबत बसून यादी वाचा आणि ज्या तत्त्वामुळे आपला एखादा निर्णय खरोखर बदलतो त्यावर खूण करा. बाकीची खोटी ठरत नाहीत, फक्त या प्रकल्पात त्यांचा प्रसंग येत नाही. एकवीसच्या एकवीस लावणाऱ्या टीमचा मला मिळालेला अनुभव असा, की शेवटी एकही पाळलं गेलं नाही आणि तक्त्यात सगळीकडे हिरवी खूण होती.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल?

सांगतो, आणि थोडं लांबवतो, कारण सगळं यातच आहे.

यार्डाच्या गेटवर ट्रेलर येतो. ड्रायव्हर कागद देतो, गेटवरचा क्लार्क कंटेनर क्रमांक, गाडी क्रमांक आणि ट्रान्सपोर्टरचं नाव टाइप करतो, गेट पास निघतो. जुनी सिस्टीम संथ होती. रांग रस्त्यावर यायची. आम्हाला काम मिळालं: एका पासाचा वेळ कमी करा, मुदत पाच महिने.

"माहितीचा मूळ स्रोत एकच असावा" हे तत्त्व कंपनीच्या यादीत होतं. प्रकल्पाच्या पहिल्या सादरीकरणात आम्ही ते छापलंही होतं. प्रत्यक्षात काय केलं? ट्रान्सपोर्टरची नवी यादी बनवली, कारण बेलापूरच्या ऑफिसातली अकाउंट्सची यादी मागितली तर "आमच्या सिस्टीमला बाहेरून जोडणी नाही, मंजुरीला महिना जाईल" असं उत्तर आलं. महिना वाचवायचा म्हणून क्लार्कला नाव टाइप करायची मुभा दिली. पास झटपट निघू लागले, रांग कमी झाली, आमचं कौतुक झालं.

चार महिन्यांनी बिलं जुळेनात. गेटवर एकच ट्रान्सपोर्टर तीन स्पेलिंगांनी उतरला होता: एकदा "श्री" लावून, एकदा न लावता, एकदा नुसत्या आद्याक्षरांनी. अकाउंट्समध्ये तो चौथ्याच नावाने होता. कोणत्या फेरीचं भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं, हे ठरवायला दोन माणसं रोज संध्याकाळी रजिस्टर घेऊन बसायची. आमच्या प्रकल्पात वाचलेला महिना दुसऱ्या विभागाने कितीतरी पटीने भरला. नाला आम्ही अरुंद केला होता.

मग तत्त्वाचा चौथा रकाना खरोखर लिहायला बसलो. "मूळ स्रोत एकच" म्हणजे या प्रकल्पात नक्की काय? ट्रान्सपोर्टर ओळखायचा कशावरून? पहिला विचार जीएसटीआयएनचा, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांकाचा आला. त्यात १५ अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढची दहा अक्षरं पॅनची आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. पण एकाच कंपनीची दोन राज्यांत नोंदणी असली की दोन जीएसटीआयएन होतात, आणि एक-दोन ट्रेलर चालवणाऱ्या कित्येकांकडे तो नसतोच. मग पॅन. इथे आम्हाला अकाउंट्समधल्या एका अनुभवी बाईंनी वाट दाखवली. दहापर्यंतच मालवाहू गाड्या असलेल्या ट्रान्सपोर्टरने तसं लिहून पॅन दिला, की त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नाही, अशी आयकराची तरतूद आहे. त्यामुळे लहान ट्रान्सपोर्टर स्वतःहून पॅन आणून देतात. म्हणजे आम्हाला हवी असलेली स्वच्छ यादी अकाउंट्सच्या कपाटात आधीपासून होती. ती कशावरून बनते, हे आम्ही पाच महिन्यांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

त्यातही एक गाठ उरली. मालकीच्या दोन फर्म एकाच माणसाच्या असतील तर पॅन एकच. म्हणून ओळख पॅन आणि फर्मचं नाव मिळून ठरवली, नवं नाव तयार करण्याचा अधिकार फक्त अकाउंट्सकडे ठेवला आणि गेटवर निवड करायची तेवढी सोय ठेवली. क्लार्कची टाइप करायची मुभा गेली. त्याला ते आवडलं नाही आणि पहिल्या आठवड्यात तक्रारीही आल्या. तत्त्वाची किंमत ती, आणि या वेळी ती ज्याची त्याने मोजली.

कंटेनर क्रमांकाचं काम त्या मानाने सरळ होतं. आयएसओ ६३४६ या मानकानुसार त्यात चार अक्षरं आणि सात अंक असतात, आणि सातवा अंक आधीच्या दहांवरून गणिताने निघतो. एखादा अंक चुकला की बहुतेक वेळा ते गणित जुळत नाही. "माहितीची तपासणी ती जिथे जन्मते तिथेच व्हावी" या तत्त्वाचा परिणाम आमच्यासाठी एवढाच: तो हिशेब गेटच्या स्क्रीनवर झाला पाहिजे, रात्रीच्या रिपोर्टमध्ये नको. ट्रेलर गेटवर उभा असताना चूक सुधारायला अर्धं मिनिट लागतं. तो पनवेल ओलांडून गेल्यावर दोन दिवस.

आमचा प्रकल्प चार जणांचा, तीन महिन्यांचा आहे. एवढा पसारा परवडणार नाही.

पसारा नको, एक पान पुरे. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस काढा. पानाच्या मध्ये आपली सिस्टीम. डावीकडे आपल्याला माहिती देणारे, उजवीकडे आपल्याकडून घेणारे, आणि प्रत्येक बाणावर ती माहिती कोणाच्या ताब्यातली आहे त्या विभागाचं नाव. खाली आपली चार-पाच तत्त्वं आणि प्रत्येकासमोर "म्हणून आपण काय करणार, काय सोडणार" अशी एकेक ओळ. एखाद्या बाणावर नाव लिहिता आलं नाही, तर फोन उचला आणि त्या विभागात कोणाला तरी भेटून या. यार्डाच्या प्रकल्पात मी हे पान केलं असतं, तर अकाउंट्सच्या बाणाशी अडकलो असतो आणि बेलापूरला जाऊन आलो असतो.

लहान प्रकल्पाला तत्त्वांची गरज कमी असते, असं मला वाटत नाही. मोठ्या प्रकल्पावर दहा जणांचं लक्ष असतं. लहान प्रकल्पात झटपट केलेली यादी कोणाच्या नजरेला न येता दहा वर्षं चालत राहते.

आम्ही स्प्रिंटमध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत काम करतो. आधी आराखडा, मग काम, हे आमच्यात बसत नाही.

सगळा आराखडा आधी करा असं कोणी सांगत नाही. प्रत्येक महत्त्वाचा निर्णय घेतला त्याच दिवशी अर्ध्या पानात लिहून कोडसोबत ठेवा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली मांडलेली ही साधी पद्धत आहे, तिला एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात: शीर्षक, परिस्थिती, निर्णय, त्याची सद्यस्थिती आणि परिणाम. त्यात एका ओळीची भर घाला: हा निर्णय कोणत्या तत्त्वाला धरून आहे किंवा कोणत्या तत्त्वाच्या विरुद्ध आहे. सहा महिन्यांनी टीममध्ये आलेला नवा मुलगा "हे असं का केलं?" विचारतो, तेव्हा या अर्ध्या पानाची किंमत कळते.

तत्त्व पाळायला गेलो तर मुदत हुकते. तेव्हा कोणाचं ऐकायचं?

कधी मुदतीचंही ऐकावं लागतं. पण गुपचूप नाही.

टोगॅफमध्ये यासाठी ठरावीक काळापुरती सूट मिळण्याची सोय आहे, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. सूट मागताना इतकं लिहा: कोणतं तत्त्व मोडतोय, त्याऐवजी काय करतोय, कारण काय, त्याचा भार कोणत्या विभागावर पडणार आणि तो विभाग तयार आहे का, नंतर दुरुस्तीला किती खर्च येईल व तो कोणाच्या बजेटमधून, आणि सूट कधी संपणार. यातलं सगळ्यात जास्त टाळलं जाणारं वाक्य म्हणजे भार कोणावर. ते लिहिलं की बहुतेक भांडणं आपोआप योग्य माणसांमध्ये होतात.

आम्ही यार्डात एक सूट घेतली. पावसाळ्यात गेटवरचं नेटवर्क जायचं आणि ट्रेलर उभे राहायचे. म्हणून ट्रान्सपोर्टरच्या यादीची प्रत गेटच्या कॉम्प्युटरवर ठेवायची होती. "मूळ स्रोत एकच" याला ते धरून नव्हतं. लिहून मंजुरी घेतली, अटी घातल्या: प्रत फक्त वाचण्यासाठी, रोज रात्री नव्याने उतरवायची, तिच्यात नवं नाव घालता येणार नाही, आणि दुसरी मोबाइल लाइन बसेपर्यंतच. लाइन बसली त्या आठवड्यात प्रत काढून टाकली. आर्किटेक्चर विभागाच्या वहीत तारीख होती म्हणूनच आठवण राहिली.

एकाच तत्त्वाला चार-पाच प्रकल्प सूट मागू लागले, तर दोष बहुधा प्रकल्पांचा नसतो. ते तत्त्व तपासायला घ्यावं.

जुनी सिस्टीम कोणत्याच तत्त्वात बसत नाही. ती बंद होईपर्यंत आमचं काय?

आपल्या लोकलचं उदाहरण मला फार उपयोगी पडतं. मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या, आता सगळ्या २५,००० व्होल्ट एसीवर चालतात. हा बदल एका रात्रीत झाला नाही. तो टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं चालला होता. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये तो पुरा झाला. मधल्या काळात दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या तयार करून वापरल्या. त्या महाग होत्या, पण त्यांच्यामुळे ठाण्याचा माणूस रोज कामावर पोहोचत राहिला.

प्रकल्पात ही मधली अवस्था मुद्दाम आखावी लागते. जुन्या आणि नव्या दोन्हींशी बोलणारा जोड कोणता, तो कोण सांभाळणार, कोणत्या टप्प्यावर काय बंद होणार, हे आराखड्यात वेगळं चित्र म्हणून काढा. "शेवटी असं दिसेल" एवढंच चित्र काढलेले प्रकल्प मधेच बजेट संपून थांबतात, आणि तात्पुरता जोड कायमचा होऊन बसतो. जोडाचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजात धरा.

आम्ही तयार सॉफ्टवेअर विकत घेतोय. तत्त्वं व्हेंडर पाळणार का?

निविदेत लिहिलं तर पाळेल. सही झाल्यावर आठवलेलं तत्त्व जादा बिल होऊन येतं. करार संपल्यावर आपला सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणार का, बाहेरून जोडणीसाठी एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला आपल्याशी बोलू देणारी सोय) किमतीत धरलेत की वेगळे, डेटा कोणत्या देशात राहणार, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारा.

आपल्याकडे चौथाही आहे: मराठी नावं. "समान शब्दसंग्रह" हे तत्त्व यादीत असतं, पण देवनागरीत त्याचा अर्थ किती खोल जातो हे मला एका सभासद नोंदणीच्या कामात कळलं. "कुऱ्हाडे" किंवा "गोऱ्हे" ही आडनावं घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) एकापेक्षा जास्त प्रकारे साठवता येतो: ऱ हे अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. कीबोर्डनुसार यातलं एक उमटतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी नावं. शोधलं की एक सापडतं, दुसरं नाही. काउंटरवरचा माणूस "तुमचं नाव आमच्याकडे नाही" म्हणतो आणि समोरची बाई वीस वर्षांची सभासद असते. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं तरी न दिसणाऱ्या जोडकाचा हा फरक जात नाही, त्यासाठी नियम वेगळा लिहावा लागतो. तो नियम प्रत्येक प्रकल्पाने आपापला लिहिला तर पुन्हा दोन विभागांत दोन नावं होणार. म्हणून तो कंपनीत एका जागी लिहिलेला असावा आणि निविदेत त्या पानाची प्रत जोडावी. याबाबत मी हट्टी आहे. आपल्या भाषेतल्या माणसाला त्याच्या नावाने ओळखणं ही कोणत्याही सिस्टीमची किमान पात्रता आहे.

"कायद्याचं पालन" हे तत्त्व तर कायदा विभागाचं काम नाही का?

कायदा समजावून सांगणं त्यांचं, पण तो स्क्रीनवर आणणं प्रकल्पाचं. गेटवर आम्ही ड्रायव्हरचा मोबाइल क्रमांक, परवाना क्रमांक आणि फोटो घ्यायचो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ आल्यावर प्रत्येक रकान्यापुढे दोन प्रश्न लिहिले: हे कशासाठी घेतो आणि कधी पुसणार? फोटोच्या बाबतीत पहिल्याचं समाधानकारक उत्तर कोणालाच देता आलं नाही. रकाना काढला.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग (यंत्रांनी आपोआप केलेल्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि सर्व यंत्रांची घड्याळं ठरवून दिलेल्या वेळेच्या स्रोताशी जुळलेली असावी लागतात. गेटचं आणि वजनकाट्याचं घड्याळ अकरा मिनिटांनी वेगळं चालत होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. कागदोपत्री ट्रेलर आत येण्याआधीच वजन होऊन जायचा.

सरकारी किंवा पालिकेच्या कामाला हे लागू आहे का?

हो. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ साली इंडईए (इंडिया एंटरप्राइझ आर्किटेक्चर) ही चौकट आणली. वेगवेगळ्या विभागांच्या सेवा नागरिकाला एकाच सरकारच्या वाटाव्यात, हा तिचा गाभा. अशा कामाची निविदा भरण्याआधी ती वाचून घ्या.

एकाच प्रकल्पात तीन व्हेंडर आहेत. तत्त्वं कोणाच्या गळ्यात बांधायची?

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली लिहून ठेवलं आहे, की संस्था जशी आपसात बोलते तशीच तिची सिस्टीम घडते. तीन व्हेंडर एकमेकांशी बोलत नसतील तर तीन तुकडे मिळणार, आराखड्यात काहीही काढा. म्हणून तत्त्वाची जबाबदारी व्हेंडरकडे न देता दोन व्हेंडरांच्या मधल्या प्रत्येक जोडावर आपल्या कंपनीतला एक माणूस नेमा, आणि तिन्ही व्हेंडरांना आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसवा.

आर्किटेक्चर मंडळासमोर कधी जायचं?

प्रकल्पाचा आराखडा तत्त्वांशी ताडून पाहणारं हे मंडळ. त्याच्यासमोर खरेदीची ऑर्डर निघण्याआधी जायचं. ऑर्डर निघाल्यावर मंडळाने नाही म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आणि हो म्हटलं तर त्या होकाराला अर्थ नाही. सोबत ते एक पान, सूट मागणारे अर्ज आणि दोन खरे पर्याय न्या. ज्याबद्दल तुमचीच खात्री नाही तो मुद्दा शेवटच्या स्लाइडवर न टाकता पहिल्याच पाच मिनिटांत काढा.

मी टेस्टर आहे. यात माझं काही काम आहे का?

पुष्कळ. तत्त्व मोडलेलं सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं. "नवं नाव गेटवरून तयार करता येता कामा नये" ही सरळ टेस्ट केस आहे. चौथ्या रकान्यातली प्रत्येक ओळ टेस्ट केसमध्ये बदलता येते का ते पाहा. येत नसेल तर ती ओळ मोघम आहे, परत पाठवा. लीड रागावला तरी पाठवा.

टोगॅफचं प्रमाणपत्र घेऊ का?

शब्द समजण्यासाठी चांगलं आहे, नोकरीच्या बाजारातही उपयोगी. सध्याची दहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली, अभ्यास करायचा तर तीच घ्या. पण आधी एका प्रकल्पाचं ते एक पान स्वतः करून पाहा. मग पुस्तकातला प्रत्येक धडा आपल्याच ऑफिसातला वाटायला लागतो.

प्रकल्प संपला. आता आमची जबाबदारी संपली का?

एक काम राहतं: शिकलेलं वर पोहोचवणं. तत्त्वं वरून खाली येतात, पण परिणामांचा रकाना खालूनच भरत जातो. आमच्या प्रकल्पानंतर कंपनीच्या "मूळ स्रोत एकच" या तत्त्वाखाली दोन ओळी वाढल्या. ट्रान्सपोर्टर पॅन आणि फर्मच्या नावावरून ओळखावा. नवी नोंद अकाउंट्सच करेल आणि अर्ज आल्यापासून दोन तासांत करेल. दोन तासांची अट अकाउंट्सने स्वतः सुचवली, कारण गेटवर ट्रेलर उभा असतो हे त्यांनी येऊन पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी वजनकाट्याचा प्रकल्प दुसऱ्या टीमकडे गेला. त्यांच्या लीडने मला फोन केला आणि ट्रान्सपोर्टरची यादी कुठून घ्यायची, असं विचारायला सुरुवात केली. मग मधेच थांबून म्हणाली, "राहू दे सर, इथे लिहिलंय."